दाद आणि दुरुस्ती

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात लिहिणाऱ्या तरुणांची वानवा नाही. महाविद्यालयात शिकणारी, नुकतीच नोकरीला लागलेली, सकाळच्या गर्दीत लोकलने मुंबई गाठणारी आणि दिवेलागणीनंतर घरी परतणारी ही मुले-मुली कविता लिहितात, कथा लिहितात, धर्मग्रामाच्या सणासाठी नाटुकली रचतात. महिन्या-दोन महिन्यांनी ती कुणाच्या घरी, एखाद्या वाचनालयाच्या खोलीत किंवा चर्चच्या सभागृहात जमतात आणि लिहिलेले एकमेकांना वाचून दाखवतात. या गोष्टीचे आम्हांला मनापासून कौतुक आहे. दिवसाचे तीन-चार तास प्रवासात घालवणाऱ्या तरुणाने उरलेल्या वेळातला तासभर कवितेला द्यावा, ही साधी बाब नव्हे.

अशा बैठकांना आम्ही अनेकदा श्रोते म्हणून हजर राहिलो आहोत. तिथला परिपाठ आता आमच्या चांगला परिचयाचा झाला आहे. एक जण उठतो, कविता वाचतो. टाळ्या पडतात. ‘छान’, ‘फार भिडली’, ‘लिहीत राहा’ असे दोन-चार उद्गार निघतात आणि पुढचा कवी उभा राहतो. दोन तासांत दहा-बारा कविता होतात, चहा होतो, सगळे हसतमुखाने पांगतात. घरी पोहोचेपर्यंत मोबाईलवर पुन्हा तीच वाहवा येऊन पडलेली असते. त्या दहा-बारा कवितांपैकी एकाही कवितेतल्या एकाही शब्दाविषयी मात्र कुणी काही बोललेले नसते.

तरुण लेखकांनी एकमेकांना उत्तेजन द्यावे, हे सर्वांना मान्य आहे. पण उत्तेजन म्हणजे नेमके काय, याचा विचार फारसा होत नाही. तो येथे करावा, असा आमचा मानस आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. मित्राचे लेखन आपण दुसऱ्यांदा वाचण्याइतके मनावर घेतले, तर ते उत्तेजन. दाद आणि दुरुस्ती ही दोन्ही त्या दुसऱ्या वाचनातून येतात. पहिल्या ऐकण्यावरच जी निघते, ती फक्त वाहवा असते.

आपल्या पट्ट्याचे संचित

या भागाला साहित्याची परंपरा नाही, मुंबई-पुण्याच्या उष्ट्यावर तो जगतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आहे. ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. विनायक लक्ष्मण भावे हे त्याचे संस्थापक. त्यांचा जन्म १८७१चा, म्हणजे संग्रहालय उभे राहिले तेव्हा ते ऐन विशीत होते. मराठी ग्रंथ एका ठिकाणी जमवून ठेवावेत, ही कल्पना त्या काळी एका तरुणाच्या डोक्यात आली आणि त्याने ती तडीस नेली, हे आजच्या तरुणांनी लक्षात ठेवावे.

याच भाव्यांनी पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या ग्रंथाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १८९८ साली तो एका निबंधाच्या रूपाने प्रथम प्रसिद्ध झाला. नवी माहिती हाती येत गेली तसतसा तो वाढत गेला आणि १९१९ साली विस्तृत ग्रंथ म्हणून वाचकांपुढे आला. भाव्यांच्या निधनानंतर शं. गो. तुळपुळे यांनी त्याला पुरवणी जोडली. म्हणजे पहिल्या खर्ड्यानंतर वीस वर्षे लेखकाने स्वतःच्या लेखनाकडे पुन्हा पुन्हा पाहिले आणि त्याच्यामागून दुसऱ्या अभ्यासकाने तेच काम पुढे चालवले. ठाण्याच्या मातीत दुरुस्तीची ही अशी जुनी उदाहरणे आहेत.

अखिल भारतीय साहित्य संमेलनेही या पट्ट्याने पाहिली आहेत. ठाण्यात १९६० साली रा. श्री. जोग अध्यक्ष होते, १९८८ साली वसंत कानेटकर, २०१० साली उत्तम कांबळे. डोंबिवलीला २०१७च्या फेब्रुवारीत संमेलन भरले. डोंबिवलीतच वास्तव्य केलेल्या पु. भा. भावे यांचे नाव त्या साहित्यनगरीला दिले होते आणि अध्यक्षपदी अक्षयकुमार काळे होते.

यांपैकी वसंत कानेटकरांच्या नावापाशी आम्ही क्षणभर थांबतो. ठाण्याच्या संमेलनाचे हे अध्यक्ष कवी गिरीश यांचे चिरंजीव, आणि गिरीश हे रविकिरण मंडळातले एक प्रमुख कवी. तरुण लेखकांनी एकत्र यावे, एकमेकांना वाचून दाखवावे, एकमेकांना उभे करावे, याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे हे मंडळ. आपल्या बैठकांना तोलायचे तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तेच ठेवणे योग्य.

रविकिरण मंडळ: मैत्रीने काय दिले

पुण्यात १९२३ साली काही तरुण कवी रविवारी एकत्र जमू लागले. चहा घ्यावा, कविता वाचाव्यात, त्यांवर बोलावे, असा तो क्रम. रविवारच्या या बैठकींतून रविकिरण मंडळ आकाराला आले. माधव ज्यूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन, यशवंत म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, गिरीश म्हणजे शंकर केशव कानेटकर, श्री. बा. रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर, द. ल. गोखले आणि या सर्वांत एकमेव स्त्री म्हणजे मनोरमाबाई रानडे. सप्तर्षी आणि अरुंधती असे त्यांचे वर्णन केले जाई. बहुतेक मंडळी पंचविशी-तिशीतली. आपल्या डोंबिवलीच्या बैठकीत आज जे बसतात, साधारण त्यांच्याच वयाची.

या मैत्रीने काय साधले? पहिली गोष्ट, त्यांची पुस्तके निघाली. एकट्या नव्या कवीचा संग्रह छापणे अवघड, म्हणून त्यांनी एकत्र संग्रह काढले. ‘किरण’ हा १९२३ सालीच निघाला. पुढच्याच वर्षी घाटे आणि माधव ज्यूलियन यांचा ‘मधु-माधव’ हा जोडसंग्रह आला. दुसरी गोष्ट, त्यांनी कविता लोकांपर्यंत नेली. यशवंत, गिरीश, माधव ज्यूलियन हे सभांतून कविता गाऊन दाखवीत. कविता हा पाठ्यपुस्तकातला विषय न राहता सभागृहात जाऊन ऐकण्याची गोष्ट झाली. आज ठाण्यात काव्यवाचनाच्या कार्यक्रमाला सभागृह भरते, त्यामागे या काव्यगायनाचा काही वाटा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

तिसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. या मंडळात कवितेच्या घडणीविषयी गंभीर आस्था होती. माधव ज्यूलियन यांनी ‘छंदोरचना’ हा मराठी पद्यरचनेचा शास्त्रीय ग्रंथ १९२७ साली सिद्ध केला आणि दहा वर्षांनी, १९३७ साली, तो मोठ्या प्रमाणावर वाढवून पुन्हा लिहिला. त्यासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही पदवी दिली. जो स्वतः उत्तम कविता करतो, त्याने मात्रा मोजीत, जुनी वृत्ते तपासत वर्षानुवर्षे बसावे, यातून कारागिरीविषयीचा आदर दिसतो. वृत्त मोडले की मोडले म्हणणारा माणूस मंडळात असणे, हे त्या मंडळाचे भाग्य.

मैत्रीने काय हिरावले

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती दाखवली नाही तर हे परीक्षण अपुरे राहील. जे एकत्र वाचतात त्यांची आवड हळूहळू एक होते. गिरीशांचे ‘अभागी कमल’ १९२३ सालचे, माधव ज्यूलियन यांचे ‘विरहतरंग’ १९२६चे, गिरीशांची ‘आंबराई’ १९२८ची, यशवंतांची ‘जयमंगला’ आणि ‘बंदीशाळा’ त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली. सारी खंडकाव्ये, दीर्घ कथात्मक रचना. विषय वेगळे आहेत: कुठे विधवेचे दुःख, कुठे विफल प्रेम, कुठे खेड्याची सुधारणा, कुठे बालगुन्हेगारांची कैफियत. पण हळव्या भावनेला शब्दांनी पुन्हा पुन्हा कुरवाळण्याची ओढ यांतल्या अनेक रचनांत सारखीच आढळते. प्रत्येकाची प्रकृती निराळी होती; तरीही लकबी एकमेकांना लागल्या. ज्या लकबीला मित्र दर रविवारी मान डोलावतात, ती आपल्याला सोडून द्यावीशी कशी वाटावी?

त्या लकबींवर बोट ठेवले ते बाहेरच्या माणसाने. प्र. के. अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने १९२५ साली ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकवितांचा संग्रह काढला. त्यात त्या काळच्या कवितेची ठरावीक शब्दकळा, कृत्रिम प्रणय, दीर्घ उसासे यांची जी थट्टा आहे, तिचा मोठा भाग या मंडळींच्या वाट्याला आला. महाराष्ट्र पोट धरून हसला. विडंबन हे निर्दय असते आणि सगळे विडंबन न्याय्य नसते, हे आम्ही जाणतो. आमचा मुद्दा इतकाच, की जी गोष्ट चहाच्या टेबलावर मित्राने हलक्या आवाजात सांगितली असती, ती न सांगितल्यामुळे चारचौघांत, हशाच्या गजरात ऐकावी लागली. मित्र गप्प राहिले म्हणून दोष झाकला जात नाही. तो कुणी परका उघड करतो, आणि परक्याच्या हाती मायेचे मलम असेलच असे नाही.

पुढची पिढी काय करते, तेही पाहण्याजोगे आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या १९३९च्या ‘शिशिरागम’ या पहिल्या संग्रहावर बालकवींची आणि माधव ज्यूलियन यांची छाया आहे. १९४७ साली आलेल्या ‘काही कविता’ मध्ये ती छाया उरलेली नाही. मराठी कविता तिथून वेगळ्या वाटेला लागली. मंडळाने चालायला शिकवले हे खरे. कुठे जायचे ते प्रत्येकाला स्वतःलाच ठरवावे लागते.

म्हणून रविकिरण मंडळाविषयीचे आमचे मत असे: त्याने एकमेकांना धीर दिला, वाचक दिला, छंदाची शिस्त दिली. विरोध मात्र पुरेसा दिला नाही. आपल्या बैठकांची अडचण अशी, की त्या मंडळाकडून आपण चहा आणि टाळ्या तेवढ्या घेतल्या. ‘छंदोरचने’मागची मेहनत घेतली नाही.

न आवडलेली कविता जपणारा मित्र

विरोध आणि मैत्री एकत्र नांदू शकतात का, असे कुणी विचारील. याचे उत्तर मराठीबाहेरच्या एका उदाहरणाने द्यावेसे वाटते. ते आमच्याच व्रताच्या एका माणसाचे आहे.

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हे येशूसंघीय धर्मगुरू. १८६८ साली संघात प्रवेश करताना त्यांनी आपल्या आधीच्या कविता जाळल्या आणि पुढे सात वर्षे जवळजवळ काही लिहिले नाही. १८७५च्या डिसेंबरात ‘डॉइचलँड’ हे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्यात पाच जोगिणी मरण पावल्या. त्या घटनेवर त्यांनी एक दीर्घ कविता लिहिली. तिची लय इतकी नवी होती की येशूसंघाच्याच मासिकाने ती छापली नाही. ऑक्सफर्डमधले त्यांचे मित्र रॉबर्ट ब्रिजेस हे स्वतः कवी होते. त्यांनाही ती आवडली नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट कळवले. हॉपकिन्स यांनी मैत्री तोडली नाही. त्यांनी लय कशी मोजायची ते समजावून सांगितले आणि कविता पुन्हा वाचण्याचा आग्रह धरला. ब्रिजेस यांच्या कवितांतले दोषही ते तितक्याच मोकळेपणाने दाखवीत. हा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला.

हॉपकिन्स १८८९ साली, वयाच्या ४४व्या वर्षी, डब्लिनमध्ये वारले. तेव्हा त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. ज्या ब्रिजेस यांना त्या कविता दुर्बोध वाटत, त्यांनीच त्या जपून ठेवल्या आणि १९१८ साली, म्हणजे एकोणतीस वर्षांनी, प्रसिद्ध केल्या. पुस्तकाच्या टिपणांत त्यांनी त्या कवितांचे दोषही नोंदवले. पहिल्या आवृत्तीच्या ७५० प्रती खपायला सुमारे दहा वर्षे लागली. आज हॉपकिन्स हे इंग्रजीतल्या श्रेष्ठ कवींत गणले जातात, तर राजकवीचा मान मिळालेल्या ब्रिजेस यांची आठवण बव्हंशी या मित्रामुळे निघते.

रसिक म्हणून ब्रिजेस पुष्कळ ठिकाणी चुकले, असे आज कुणीही म्हणेल. मित्र म्हणून ते चुकले नाहीत. न पटलेले त्यांनी न पटलेले म्हणून सांगितले, आणि कागद मात्र हरवू दिला नाही. आपल्या बैठकीत अशी दोन माणसे असतील तर ती बैठक सार्थ झाली.

दोन सवलती

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या धर्मग्रामांतल्या तरुण लेखकांना दोन सवलती सढळ हाताने मिळतात. त्या दोन्ही त्यांना मारक आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिली सवलत भाषेची. आपल्यातली बरीच मुले इंग्रजी माध्यमात शिकली. घरी मराठी बोलली जाते, परंतु वाचली क्वचितच जाते. अशा घरातल्या मुलीने मराठीत कविता लिहिली की आईवडील आणि फादर सगळेच हरखून जातात. ‘निदान मराठीत लिहिते तरी!’ हा ‘निदान’ फार घातक आहे. त्यात मुलीचे कौतुक कमी आणि आपल्या भाषेविषयीची निराशा जास्त आहे. मराठीत लिहिणे हेच जर कर्तृत्व ठरले, तर मराठीत चांगले लिहिण्याची गरज कुणाला उरणार? भाषा टिकवायची असेल तर तिच्यात कसाने लिहिणारे हवेत, आणि तो कस आपण मागितल्याशिवाय येत नाही.

दुसरी सवलत विषयाची. नाताळची कविता, पवित्र मारियेवरची कविता, क्रुसाच्या वाटेवरची कविता यांना दोष देणे म्हणजे जणू भक्तीलाच दोष देणे, असे आपण मानतो. परिणामी त्याच गव्हाणीत तोच तारा वर्षानुवर्षे चमकत राहतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वतःला ही सवलत दिली नाही. १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’साठी या परदेशी येशूसंघीयाने मराठी भाषा शिकून घेतली, इथल्या संतकवींची ओवी आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. विषय पवित्र आहे, तेव्हा रचना कशीही चालेल, असे ते म्हणाले नाहीत. विषय पवित्र म्हणून त्यांनी रचनेवर जास्त कष्ट घेतले.

दुरुस्तीलाही एक मर्यादा आहे, ती येथेच सांगितली पाहिजे. ठाण्याच्या जुन्या ईस्ट इंडियन घरांतली बोली, वसईहून इकडे राहायला आलेल्या कुटुंबांची बोली, कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालच्या गावांतली आगरी बोली, या सगळ्या आपल्या बैठकांत येतात. एखाद्याच्या कथेतली आजी तिच्या बोलीत बोलते आणि व्याकरण जाणणारा मित्र तिचे वाक्य प्रमाण मराठीत आणून ठेवतो. ही दुरुस्ती नव्हे. ही आजीची जीभ कापणे झाले. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात निघाले. शाळेचे शिक्षण न झालेल्या या बाईंची घरगुती, बोलती भाषा कुणी ‘शुद्ध’ करून टाकली असती, तर मराठीतले एक श्रेष्ठ आत्मचरित्र आपण गमावले असते. मित्राने चूक आणि वेगळेपण यांतला फरक ओळखावा. जिथे शंका येईल तिथे खोडण्याआधी विचारावे.

बैठकीसाठी काही सूचना

सेमिनरीत आम्हांला प्रवचनकलेचा एक वर्ग असे. एकाने प्रवचन करायचे आणि सोबत्यांनी ते तपासायचे. त्यात एक चांगला दंडक होता. प्रवचन चांगले की वाईट हे सांगण्याआधी, ‘मला त्यातून काय कळले’ हे प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचे. वक्त्याला सांगायचे होते एक आणि सहा जणांना सहा गोष्टी कळल्या, असे झाले की वेगळ्या टीकेची गरजच उरत नसे. हा दंडक कविता-कथेलाही लागू पडतो.

अलीकडेच एका बैठकीत याचा प्रत्यय आला. एका तरुणीने नोकरीवरून लोकलने परतणाऱ्या आईवर कविता वाचली. आई थकलेली होती, तिच्या डोळ्यांत स्वप्ने होती, ती मेणबत्तीसारखी जळत होती. टाळ्या पडल्या. एका मुलाने मात्र विचारले, “तुझी आई गाडीत बसल्यावर करते काय?” ती म्हणाली, “मेथी निवडते. म्हणजे घरी गेल्या गेल्या फोडणी टाकता येते.” क्षणभर कुणी बोलले नाही. पुढच्या बैठकीला ती कविता नव्याने लिहून घेऊन आली. मेणबत्ती गेली होती. तिच्या जागी मांडीवर पसरलेली पिशवी होती, डब्यातल्या बायकांच्या पायांशी पडलेल्या काड्या होत्या. मुलाने तिला एकही शब्द सुचवला नव्हता. त्याने फक्त विचारले होते. पहिल्या कवितेतली आई कुणाचीही होती. दुसरीतली आई तिची होती, आणि म्हणूनच ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती आपली वाटली.

या अनुभवांवरून काही सूचना कराव्याशा वाटतात. बैठकीत बारा कविता होण्यापेक्षा तीन व्हाव्यात, आणि प्रत्येक कविता दोनदा वाचली जावी; दुसऱ्या वेळी ती कवीऐवजी दुसऱ्या कुणी वाचावी. आपल्या ओळी परक्या तोंडून ऐकताना कुठे ठेच लागते, ते कवीला आपोआप कळते. बोलणाऱ्याने आपल्याला आवडलेली एक ओळ आणि न उमगलेली एक ओळ नेमकी दाखवावी. ‘सगळेच छान’ म्हणणाऱ्याने काहीच सांगितलेले नसते. मित्राची ओळ आपण लिहून देऊ नये. प्रश्न विचारावा आणि काम त्याच्यावर सोपवावे. लिहिणाऱ्यानेही लगेच बचावाला उभे राहू नये. ऐकून घ्यावे, महिनाभर कागद बाजूला ठेवावा आणि मग काय स्वीकारायचे ते स्वतः ठरवावे. जुना खर्डा फाडू नये. कधी कधी पहिलाच बरोबर असतो.

शिवाय, बैठकीने फक्त एकमेकांचे वाचून भागणार नाही. दर वेळी एखाद्या जुन्या वा नव्या समर्थ लेखकाचे पान वाचावे आणि ते कसे बांधले आहे ते पाहावे. ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय आणि कल्याणचे वाचनालय यांचा लाभ घ्यावा. ज्यांची आवड आपल्याहून वेगळी आहे, जे दुसऱ्या वस्तीतले, दुसऱ्या समाजातले आहेत, त्यांनाही अधूनमधून बोलवावे. आपल्याच माणसांत राहिले की लकबी एकमेकांना लागतात, हे रविकिरण मंडळाच्या उदाहरणात आपण पाहिले.

घरच्या वडीलधाऱ्यांचे कामही थोडे नाही. मुलाची कविता पाहुण्यांसमोर वाचायला लावण्यापेक्षा ती स्वतः शांतपणे वाचावी. ना. वा. टिळकांनी बालकवी ठोमरे या कोवळ्या वयाच्या कवीला अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याला घरच्या मुलासारखे वागवले. टिळक तेव्हा ख्रिस्ती झालेले आणि ठोमरे हिंदू ब्राह्मण घरातला. त्या घराने त्याला जेवणखाण दिले, माया दिली आणि शेजारच्या खोलीत कविता लिहिणारा दुसरा माणूस दिला. आपल्या दोन खोल्यांच्या सदनिकांत एवढी जागा नसेल. पण जेवणानंतर अर्धा तास दूरदर्शन संच बंद ठेवून मुलीची कथा ऐकण्याइतकी जागा प्रत्येक घरात आहे.

आपल्या धर्मग्रामांतली कितीतरी मुले विशीच्या आसपास लिहू लागतात आणि तिशीच्या आत लिहिणे सोडतात. नोकरी, लग्न, प्रवास ही कारणे सांगितली जातात आणि ती खरीही असतात. तरी आम्हांला वाटते, की आणखी एक कारण आहे. दहा वर्षे ‘छान’ ऐकल्यावर लेखकाला कळून चुकते, की आपले लिहिणे कुणी वाचतच नाही. जे कुणी वाचत नाही, ते लिहायचे कशासाठी? टीकेने दुखावून लेखणी टाकणारे थोडे. वाहवा ऐकून ऐकून थांबणारे जास्त. पुढच्या बैठकीला जमाल, तेव्हा शेजारी बसलेल्या मित्राची कविता मागून घ्या, घरी न्या आणि दुसऱ्यांदा वाचा. मग त्याला काय सांगायचे ते आपोआप सुचेल.